मे महिन्यातलं मत आणि नोव्हेंबरातलं मत: जालन्याच्या निमित्ताने मुद्द्याधारित मतदान

माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य मोठ्या दिमाखात लिहिलेलं होतं: अंतरवाली सराटीच्या आंदोलनामुळे जालना लोकसभा मतदारसंघात २०२४ साली मुद्द्याधारित मतदान झालं. गाईडनी मसुदा वाचला, पेन्सिल त्या वाक्यावर ठेवली आणि एवढंच विचारलं, "अंतरवाली सराटीचे लोक लोकसभेला मतदान कुठं करतात?"

"जालन्यात, सर."

"नकाशा काढ आधी."

नकाशा काढला आणि कान लाल झाले. अंतरवाली सराटी जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात आहे हे खरं, पण विधानसभेला ते गाव घनसावंगी मतदारसंघात येतं. आणि घनसावंगी व परतूर हे जिल्ह्यातले दोन विधानसभा मतदारसंघ लोकसभेला परभणीला जोडलेले आहेत. जालना लोकसभेत जिल्ह्यातले जालना, बदनापूर आणि भोकरदन एवढेच मतदारसंघ. सिल्लोड, फुलंब्री आणि पैठण हे उरलेले तीन छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातले. म्हणजे ज्या गावाच्या नावावर मी जालन्याचा निकाल खपवत होते, त्या गावाचं एकही मत त्या निकालात नव्हतं. जिल्हा आणि मतदारसंघ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नेट-सेटला पाठ केलेलं असतं. लिहायला बसलं की विसरतो.

या चुकीमुळे माझा प्रश्न मात्र बदलला. आधी मी विचारत होते, "मुद्दा किती तापला होता?" आता विचारते, "मुद्दा घेऊन मतदार नेमका कोणत्या निवडणुकीत बोलतो?" आज त्याबद्दल लिहायचं आहे. पेट देऊन विषय शोधत असलेल्यांना यातून एखादा धागा मिळाला तर उत्तम.

आधी थोडी सैद्धांतिक तयारी, लांबवत नाही. मुद्द्याधारित मतदान म्हणजे जात, घराणं, पक्षाची जुनी निष्ठा, उमेदवाराची ओळख हे सगळं बाजूला ठेवून एखाद्या प्रश्नावरच्या भूमिकेसाठी दिलेलं मत. कॅम्पबेल, कन्व्हर्स, मिलर आणि स्टोक्स यांनी १९६० मध्ये अमेरिकन मतदारावरच्या त्यांच्या गाजलेल्या पुस्तकात त्यासाठी तीन अटी सांगितल्या. मतदाराला मुद्दा माहीत हवा, त्याबद्दल त्याला पोटतिडीक हवी, आणि अमुक पक्ष तमुक पक्षापेक्षा आपल्या बाजूचा आहे असं त्याला दिसायला हवं. आपण पहिल्या दोन अटींवर पानंच्या पानं लिहितो. घोडं बहुतेक वेळा तिसरीपाशी अडतं.

त्यात चौथी अट मी माझ्या पदरची घालते: या निवडणुकीत हे मत देणं परवडतं का? इथे रायफ आणि श्मिट यांचा १९८० चा लेख उपयोगी पडतो. युरोपियन संसदेची पहिली थेट निवडणूक १९७९ मध्ये झाली, तिच्यावर त्यांनी लिहिलं. त्यांचं म्हणणं असं: ज्या निवडणुकीतून देशाचं सरकार ठरत नाही तिला लोक दुय्यम मानतात. तिथे मतदान कमी होतं, सत्ताधाऱ्यांना फटका बसतो, आणि छोट्या पक्षांना एरवीपेक्षा जास्त मतं मिळतात. कारण साधं आहे, मत 'वाया' गेलं तरी घर बुडत नाही.

युरोपातलंच ताजं उदाहरण घ्या. ब्रिटनने युरोपियन युनियनमधून बाहेर पडावं की नाही, यावर २०१६ मध्ये सार्वमत झालं. २०१९ च्या मे महिन्यात युरोपियन संसदेची निवडणूक आली, आणि एका मुद्द्यावर उभ्या राहिलेल्या ब्रेक्झिट पार्टीने तीस टक्क्यांच्या वर मतं घेतली. युरोपच्या बाजूने उभे असलेले लिबरल डेमोक्रॅट वीस टक्क्यांच्या आसपास पोहोचले. त्याच बाजूचा चेंज यूके हा नवाकोरा पक्षही रिंगणात होता. मोठ्या पक्षांतून फुटून आलेले खासदार त्याच्याकडे होते, वर्तमानपत्रांत रोज नाव होतं. त्याला साडेतीन टक्केही मतं मिळाली नाहीत, जागा शून्य. डिसेंबरात संसदेची निवडणूक झाली तेव्हा लिबरल डेमोक्रॅट साडेअकरा टक्के मतांवर आणि ११ जागांवर आले, आणि चेंज यूकेचा गाशा गुंडाळला गेला. सहा-सात महिन्यांत मुद्दा थंड झाला नव्हता, उलट डिसेंबरात तो जास्त तापला होता. बदलला होता तो निवडणुकीचा प्रकार.

आता हे वाचून कुणी म्हणेल, जालन्याचा आणि ब्रिटनचा काय संबंध? मीही तसंच म्हटलं होतं. मग लोकसभेच्या जुन्या याद्या चाळताना जालन्यापुढे एक नोंद दिसली.

दुसऱ्या लोकसभेत, म्हणजे १९५७ ते १९६२ या काळात, जालन्यापुढे दोन खासदारांची नावं आहेत. पहिलं सैफ तय्यबजी, मुंबईच्या प्रसिद्ध तय्यबजी घराण्यातले, काँग्रेसचे. दुसरं अ. व्यं. घारे, शेतकरी कामगार पक्षाचे, पोटनिवडणुकीतून आलेले. मतदारसंघ तोच, मतदार तेच. सार्वत्रिक निवडणुकीत काँग्रेस, पोटनिवडणुकीत शेकाप.

याचं वजन कळायला १९५७ चं वातावरण आठवावं लागेल. १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्य झालं. गुजराती आणि मराठी मुलूख एकत्र, त्यातच हैदराबाद संस्थानातून आलेला मराठवाडा आणि मध्य प्रदेशातून आलेला विदर्भ. त्याआधी फेब्रुवारी १९५६ मध्ये पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती उभी राहिली होती. प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेकाप, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन असे एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष एका मागणीवर एकत्र आले. १९५७ ला पश्चिम महाराष्ट्रात आणि मुंबईत समितीने काँग्रेसला अक्षरशः लोळवलं. खुद्द मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण कराडमधून जेमतेम निवडून आले. काँग्रेसचं सरकार टिकलं ते गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्याच्या आधारावर.

मराठवाडा मागे का राहिला? इथे लोकांना मराठीचं प्रेम कमी होतं असं म्हणणं शुद्ध अन्याय होईल. निजामाच्या राज्यात मराठी शाळेसाठी झगडलेली माणसं होती ती. पण पुणे-मुंबईला द्विभाषिक राज्य म्हणजे हातातोंडाशी आलेला घास काढून घेतल्यासारखं वाटत होतं, आणि औरंगाबाद-जालन्याला तेच राज्य म्हणजे मराठी मुलखाशी पहिल्यांदा झालेली गाठ होती. (जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होतं, वेगळा जिल्हा १ मे १९८१ ला झाला.) शिवाय १७ सप्टेंबर १९४८ ची मुक्ती जेमतेम नऊ वर्षांपूर्वीची, आणि त्या लढ्याचा वारसा इथे काँग्रेसच्या नावावर जमा होता. एकच मुद्दा, एकच भाषा, पण दोन भागांत त्याचं वजन वेगळं. सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीत "तुम्हाला हा मुद्दा महत्त्वाचा वाटतो का?" असं विचारून आपण मोकळे होतो, तेव्हा हा फरक हातातून निसटतो.

मग पोटनिवडणुकीत शेकाप कसा आला? माझा पहिला अंदाज: पोटनिवडणूक ही दुय्यम निवडणूक. दिल्लीत नेहरूंचं सरकार येणार की नाही हा प्रश्न उरलाच नव्हता, तेव्हा जालनेकरांना मनातलं बोलायला हरकत नव्हती. पण इथेच सावध व्हावं लागतं. शेकाप समितीचा घटक होता हे खरं, तसाच तो कुळांचा आणि कास्तकऱ्यांचाही पक्ष होता, आणि उद्धवराव पाटलांसारख्यांमुळे मराठवाड्यात त्याची स्वतःची मुळं होती. मग ते मत संयुक्त महाराष्ट्राला गेलं की शेतकऱ्याच्या पक्षाला? की बाहेरून आणलेल्या उमेदवाराच्या जागी आपल्याकडचा माणूस म्हणून? नुसत्या निकालावरून हे सुटत नाही. एका निकालाला तीन कारणं बसत असतील तर आपल्याला आवडणारं कारण निवडायची घाई करू नये. मी केली होती, म्हणून सांगते.

ज्या ठिकाणी मुद्दा आणि पक्ष अगदी सुटे होऊन दिसतात असं उदाहरण मराठी मुलखात मला एकच सापडलं. ते गोव्यातलं.

महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष १९६३ मध्ये पहिल्याच निवडणुकीत दयानंद बांदोडकरांच्या नेतृत्वाखाली सत्तेवर आला. त्याची मुख्य मागणी नावातच होती: गोवा महाराष्ट्रात विलीन करा. मोठ्या घटकात सामील व्हायचं म्हणणारा छोट्या प्रदेशातला पक्ष, म्हणजे युरोपवादी छोट्या पक्षांचा आपल्याकडचा जवळचा भाऊच म्हणा. सरकार आलं तरी विलीनीकरणाचा निर्णय विधानसभेच्या मतावर न सोडता केंद्राने जनमत कौल घ्यायचं ठरवलं. निःपक्षपाती वातावरण राहावं म्हणून बांदोडकरांनी राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ ला मतदान झालं. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मतं पडली, विरोधात १,७२,१९१. फरक ३४,०२१. मगो पक्षाचा एकमेव म्हणावा असा मुद्दा लोकांनी नाकारला.

आणि अवघ्या दोन महिन्यांनी, मार्च १९६७ च्या विधानसभा निवडणुकीत, त्याच लोकांनी मगोला ३० पैकी १६ जागा देऊन बांदोडकरांना पुन्हा मुख्यमंत्री केलं.

मला हे पहिल्यांदा वाचताना छापण्यात चूक असेल असं वाटलं होतं. पण विचार केला तर यात विसंगती नाही. कूळ कसत असलेल्या जमिनीवर, गावातल्या शाळेवर, भाटकाराच्या दारात उभं राहण्याच्या अपमानावर बोलणारा पक्ष बहुजनांना हवा होता. महाराष्ट्रात जायचं की नाही हा त्यांतल्याच काहींसाठी वेगळा प्रश्न होता. जनमत कौलाने तो वेगळा प्रश्न वेगळा विचारला, म्हणून वेगळं उत्तर मिळालं. विधानसभेच्या मतपत्रिकेवर मात्र सगळे प्रश्न एकाच शिक्क्यात गोळा झालेले असतात. समजा जनमत कौल झालाच नसता, तर १९६३ आणि १९६७ चे निकाल पुढे ठेवून आपण सगळ्यांनी बिनदिक्कत लिहिलं असतं की गोव्याला विलीनीकरण हवं होतं. मुद्द्याधारित मतदानाचे किती निष्कर्ष असे न झालेल्या जनमत कौलावर उभे असतील, याचा विचार केला की जरा धास्ती वाटते.

हे डोक्यात ठेवून आता जालन्याकडे परत येऊ.

घटनाक्रम तुम्हाला माहीत आहे, तरी तारखा लावून ठेवते. २९ ऑगस्ट २०२३ ला मनोज जरांगे यांचं अंतरवाली सराटीत उपोषण सुरू झालं. १ सप्टेंबरला तिथे लाठीमार झाला आणि गावाचं नाव राज्यभर गेलं. २० फेब्रुवारी २०२४ ला विशेष अधिवेशनात मराठा समाजाला १० टक्के आरक्षणाचं विधेयक एकमताने मंजूर झालं. १३ मे ला जालन्यात लोकसभेचं मतदान झालं. जूनमध्ये अंतरवालीपासून जवळच वडीगोद्रीला ओबीसी आरक्षणाच्या बचावासाठी लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे उपोषणाला बसले. एका महामार्गाच्या आसपास, काही किलोमीटरच्या अंतरावर, एकाच प्रश्नाच्या दोन बाजूंचे दोन मंडप. नोव्हेंबरात विधानसभा.

लोकसभेचा निकाल: काँग्रेसचे कल्याण काळे यांनी भाजपचे रावसाहेब दानवे यांना सुमारे १ लाख १० हजार मतांनी हरवलं. १९९९ पासून सलग पाच वेळा निवडून आलेले, २०१९ ला तीन लाखांहून जास्त मताधिक्य घेतलेले दानवे पडले. आणि तिसऱ्या क्रमांकावर मंगेश साबळे. फुलंब्री तालुक्यातल्या गेवराई पायगाचे तरुण सरपंच, आरक्षण आंदोलनातून पुढे आलेले, ना पक्ष ना यंत्रणा. त्यांना दीड लाखांहून जास्त मतं पडली.

नोव्हेंबरचा निकाल: जिल्ह्यातल्या पाचही जागा महायुतीकडे. जालन्यात अर्जुन खोतकर, बदनापुरात नारायण कुचे, भोकरदनला संतोष दानवे, परतूरला बबनराव लोणीकर. आणि घनसावंगीत, म्हणजे अंतरवाली सराटी ज्यात येतं त्याच मतदारसंघात, हिकमत उढाण यांनी राजेश टोपे यांना थोडक्यात हरवलं. २०१९ ला यांतल्या तीनच जागा भाजपकडे होत्या. म्हणजे आंदोलनाच्या जिल्ह्यात सत्ताधारी वाढले.

या दोन निकालांवर चहाच्या टपरीपासून टीव्हीपर्यंत दोन टोकाची स्पष्टीकरणं फिरतात. एक, मे महिन्यात मुद्दा होता, नोव्हेंबरात संपला. दोन, मुद्दा कधी नव्हताच. मला दोन्ही पटत नाहीत.

मे महिन्याचं मत बघा. तिथे तिसरी अट लावली तर अडचण येते. मराठा आरक्षणाला विरोध कोणता मोठा पक्ष करत होता? कुणीच नाही, विधेयक एकमताने झालं होतं. खरी वादाची जागा होती ती ओबीसीतून द्यायचं की वेगळं, आणि तिथे मोठे पक्ष तोंडात गुळणी धरून बसले होते. म्हणजे काळे यांना गेलेलं मत भूमिकेतल्या फरकासाठी नव्हतं. डोनाल्ड स्टोक्स यांनी १९६३ मध्ये मुद्द्यांचे दोन प्रकार केले होते: ज्यावर पक्षांच्या भूमिका वेगळ्या असतात ते, आणि ज्यावर सगळे एकाच बाजूला असून 'कुणी केलं, कुणी बिघडवलं' एवढाच हिशेब होतो ते. जालन्यातलं मत दुसऱ्या प्रकारचं वाटतं. लाठी कुणाच्या राज्यात चालली, याचा हिशेब. त्यात सोयाबीन-कापसाचे भाव, संविधानाबद्दलची भीती, आणि काळे यांची दानवेंशी जुनी लढत हेही मिसळलेलं होतंच; २००९ ला काळे अवघ्या साडेआठ हजारांच्या आसपास मतांनी हरले होते.

मग निवडणुकीचा प्रकार. एरवी लोकसभा हीच पहिल्या दर्जाची निवडणूक. पण आरक्षणाचा निर्णय ज्या सरकारकडून हवा होता ते मुंबईतलं होतं, आणि मे मध्ये ते पणाला लागलेलंच नव्हतं. त्यामुळे या मुद्द्यापुरती लोकसभा दुय्यम झाली, असं मला वाटतं. रागाचं मत देणं परवडणारं होतं. साबळे यांचे दीड लाखही त्याशिवाय मला उलगडत नाहीत. निवडून येणार नाही हे माहीत असताना इतक्या लोकांनी एका सरपंचाला मत दिलं. नोव्हेंबरात सरकारच ठरणार होतं. लाडकी बहीणचे पैसे खात्यात येत होते, गावागावांत ओबीसी मतं एकवटत होती, आणि मुद्द्याचं मत टाकायला एक ठरलेली पेटीच नव्हती.

ती पेटी का नव्हती? जरांगे यांनी आधी उमेदवार उभे करायची तयारी केली होती. ४ नोव्हेंबर २०२४ ला, अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी, त्यांनी लढणार नसल्याचं जाहीर केलं. एका जातीच्या बळावर निवडणूक जिंकता येत नाही, असं त्यांनी सांगितलेलं कारण होतं. पुष्कळांनी याला माघार म्हटलं. मला त्यात मतदारसंघाचं चोख गणित दिसतं. ज्याला सर्वात जास्त मतं तो निवडून येतो, अशा पद्धतीत एका मुद्द्याच्या नव्या पक्षाने वीस टक्के मतं घेतली तरी त्याच्या हाती काही लागत नाही, आणि त्या वीस टक्क्यांचा आकडा मात्र कायमचा उघडा पडतो. न लढलेल्या आंदोलनाची ताकद कुणालाच मोजता येत नाही, आणि म्हणूनच सरकारला तिची धास्ती राहते. पुढे २ सप्टेंबर २०२५ ला आझाद मैदानावरच्या उपोषणानंतर हैदराबाद गॅझेटच्या नोंदींबाबत शासन निर्णय निघाला. पाच आमदार निवडून आले असते तर तो निघाला असता का, याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण प्रश्न विचारण्यासारखा आहे.

आता माझ्याच म्हणण्याला छेद देणारं उदाहरण सांगते, नाहीतर तुम्ही व्हायव्हाला अडकाल. संयुक्त महाराष्ट्र समिती १९५७ मध्ये सरकार ठरवणाऱ्या निवडणुकीत जिंकली होती. मग 'मुद्दा दुय्यम निवडणुकीतच बोलतो' हे कसं? फरक असा की समिती नवा पक्ष नव्हती. ती जुन्या पक्षांची बांधणी होती. कार्यकर्ते, कामगार संघटना, शेकापचे गाव-पुढारी आयते होते, आणि बहुतेक ठिकाणी काँग्रेसविरुद्ध एकच उमेदवार होता. चेंज यूकेकडे यातलं काहीच नव्हतं. आणि जिंकूनही समिती टिकली नाही. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. १९६२ ला काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा घेतल्या. शेकाप १५, प्रजासमाजवादी ९, कम्युनिस्ट ६. मुद्दा सुटला की त्यावर एकत्र आलेल्यांना बांधून ठेवणारं काही उरत नाही. सीमाभागात उलटं घडलं. महाराष्ट्र एकीकरण समितीचा मुद्दा सुटलेला नाही, २००४ पासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे. पण कर्नाटक विधानसभेतला आमदार तो सोडवू शकत नाही हे बेळगाव-खानापूरच्या मतदाराला पक्कं कळतं. २०१३ ला समितीचे दोन आमदार होते, २०१८ आणि २०२३ ला एकही नाही.

सध्या माझ्या टेबलावर फॉर्म २० चे गठ्ठे आहेत. फॉर्म २० म्हणजे केंद्रनिहाय मतांचा तक्ता, तो मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. बदनापूर, भोकरदन आणि जालना या तीन मतदारसंघांतली तीच केंद्रं मे मध्ये काय म्हणाली आणि नोव्हेंबरात काय, हे समोरासमोर ठेवायचं काम चाललंय. दोन सूचना करून ठेवते. केंद्रांची संख्या आणि क्रमांक दोन निवडणुकांत बदलू शकतात, तेव्हा नुसत्या क्रमांकावर जोडू नका, गावाचं आणि शाळेचं नाव जुळवा. आणि केंद्राची आकडेवारी माणसाबद्दल बोलत नाही. साबळे यांना जिथे भरघोस मतं, तिथेच नोव्हेंबरात महायुतीला भरघोस मतं दिसली, तरी ती त्याच माणसांनी दिली असं म्हणता येत नाही, डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९५० मध्येच हा खड्डा दाखवून ठेवलाय. त्यासाठी गावात जाऊन बसावं लागतं.

गाईडना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "वडीगोद्रीचं केंद्र बघितलंस का?" ते घनसावंगीत, म्हणजे पुन्हा परभणी लोकसभा. तिथे महायुतीच्या पाठिंब्यावर महादेव जानकर उभे होते, धनगर आरक्षणाचा मुद्दा घेऊन वाढलेल्या छोट्या पक्षाचे. आता परभणीचेही गठ्ठे उतरवून घेते आहे.